बाटलीत वाढलेली पाठ

जळीत वॉर्डात नवा पेशंट आला की आमच्या डॉक्टर अधूनमधून मला फोन करतात. "रेखाताई, जरा येऊन बोलाल का?" मी जाते, कॉटजवळ स्टुलावर बसते. पेशंट शुद्धीवर असला तर विचारतो, किती दुखेल? बाहेर व्हरांड्यात बसलेली माणसं विचारतात, वाचेल का? वाचण्याचं मला काही सांगता येत नाही. दुखण्याचं येतं, पण कॉटवरच्या माणसाच्या तोंडावर ते सांगवत नाही. म्हणून इथं लिहून ठेवते. ज्याला सोसेल त्यानं वाचावं, नाहीतर घरच्या कुणीतरी वाचावं.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग खात्यात काम करते. कापड कळतं, तेवढंच.

गॅस

माझा नवरा महेश त्याच कारखान्यात शिलाई मशिनांचा मेकॅनिक. तिथंच आमचं जमलं. त्याचं घर अक्कलकोटचं, कानडी बोलणारं. माझं माहेर अकलूजजवळ, उसाच्या रानातलं. आईवडील लवकर गेले, मोठ्या भावानं, दादानं, मला वाढवलं. लग्न जातीबाहेरचं, त्यामुळं दादा लग्नाला आला नाही. नंतर साडी घेऊन आला, पण महेशशी एक शब्द बोलला नाही.

अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नानंतर महेशनं मला एकदा मारलं होतं. एकदाच, कानशिलात. मी तशीच एसटीत बसून अकलूज गाठलं. महेश न्यायला आला, दादाच्या पाया पडला. दादा म्हणाला, "पुन्यांदा हात लावलास तर हात जाग्यावर ठिवणार न्हाय." त्यानंतर महेशनं कधी हात उचलला नाही. पण दादाही ते विसरला नाही.

गॅसची नळी चिरली होती. बदलून आण म्हणून मी किती दिवस महेशच्या मागं लागले होते. आदल्या संध्याकाळी त्यावरून असं भांडण झालं की शेजारचे दारात येऊन उभे राहिले. मी ओरडत होते, तो ओरडत होता, सासूबाई मधे उभ्या राहून दोघांना कानडीत शिव्या घालत होत्या. सकाळी महेश अंघोळीला गेला, मी चहा ठेवायला उठले. सर्दीनं नाक बंद. थंडीचे दिवस, म्हणून खिडकीही बंद. मी लायटर दाबला.

आवाज झाला असणार, शेजारी म्हणतात भिंत हादरली. मला आवाज आठवत नाही. समोरचं सगळं पिवळं झालं, मी पाठ फिरवून पळाले आणि ते पिवळं माझ्या पाठीवर बसलं. अंगात नायलॉनचा गाऊन होता. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी घरात तोच घालत होते, स्वस्त आणि लवकर वाळणारा. तो वितळून पाठीत रुतला. मी भिंतीवर पाठ आपटत होते, आग विझावी म्हणून, आणि भिंतीला माझं काहीतरी चिकटून राहत होतं.

महेश ओल्या अंगानं धावत आला. पलंगावरची चादर ओढून त्यानं मला गुंडाळलं, खाली पाडलं, लोळवलं. त्याचे दोन्ही तळहात भाजले. पुढं माझ्या माहेरच्यांनी तेच तळहात पुराव्यासारखे दाखवले. म्हणाले, ढकलताना भाजले.

जबाब

दवाखान्यात कात्रीनं गाऊन कापायला लागले. जिथं कापड सुटत नव्हतं तिथं त्याच्यासकट कातडी निघत होती. त्या गोंधळात एक साहेब आले, सोबत पोलीस. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं.

"बाई, कुणी पेटवलं?"

"कुणी नाही. गॅस."

"भिऊ नका. नवरा बाहेर आहे. कुणी पेटवलं?"

"गॅसचा भडका झाला."

"मारहाण करायचा का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण अंगाला आग लागलेली असताना खोटं रचायला लागणारी अक्कल जागेवर नसते. मी म्हटलं, "एकदा मारलं होतं." तेव्हा कुठं त्यांचं पेन चाललं.

"आग त्यानं लावली नाही, हे पण लिहा!" मी किंचाळले. "लिहा! माझ्यासमोर लिहा!"

त्यांनी लिहिलं, वाचून दाखवलं. माझ्या अंगठ्याला शाई लावली, कारण बोटांत पेन धरता येत नव्हतं. असा जबाब मरायला टेकलेल्या माणसाचा घेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

बेणं

दादा जीप घेऊन आला तो थेट वॉर्डातच. आमच्या प्लास्टिक सर्जन, डॉक्टर इनामदार, बारीक अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या बाई आहेत. त्यांनी दादाला आणि महेशला माझ्या कॉटजवळ बोलावलं. सासूबाईही आल्या. ते दोघं शांतपणे एका जागी उभे राहिलेले मी तेव्हा शेवटचे पाहिले.

डॉक्टर म्हणाल्या, "पाठ, कंबर, दोन्ही मांड्यांची मागची बाजू, दंड. सगळं खोलवर जळलंय. तिथं आपोआप कातडी येणार नाही. दुसरीकडची काढून लावायची, तर निम्म्याहून जास्त अंग गेलंय, उरलेली पुरत नाही."

"मग?" दादा म्हणाला.

"जांघेतली कातडी शाबूत आहे. तिथला टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा, मुंबईच्या लॅबला पाठवायचा. कातडीच्या तळाशी स्टेम सेल असतात. आयुष्यभर नवी कातडी बनवायचं काम त्यांचं. लॅबवाले त्या सुट्या करतात, चपट्या बाटल्यांत ठेवतात, खाऊपिऊ घालतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा कोट्यवधी होतात. त्यांचा पापुद्रा तयार होतो. तीनएक आठवड्यांत पाठ झाकेल एवढा."

दादा उसातला माणूस. तो म्हणाला, "म्हंजी बेणं हिचंच. रोपं तुमी तितं वाफ्यात वाडवणार, आन परत हिच्याच रानात लावणार."

"अगदी तसंच."

"आन न्हाय धरलं तर?"

"काही जागी धरेल, काही जागी नाही. पण त्याआधी हिला तोवर जगवायचंय. उघड्या मांसात जंतू शिरायला वेळ लागत नाही."

लॅबमध्ये बाटलीच्या तळाला उंदराच्या पेशींचा थर देतात, त्या स्वतः वाढत नाहीत, माझ्या पेशींना पोसतात, हेही त्यांनी सांगितलं. सासूबाई कडक शाकाहारी, अंडं शिजवलेल्या भांड्याला शिवत नाहीत. मला वाटलं आता कटकट होणार. त्या म्हणाल्या, "उंदीर तर उंदीर. गणपतीला चालतो, आमच्या रेखव्वाला चालंना का!"

महेशच्या दोन्ही हातांना बँडेज होतं. तो हळूच म्हणाला, "डॉक्टर, माझी कातडी चालणार नाही का?"

"कायमची नाही. दुसऱ्याची अंग टिकू देत नाही."

दादानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. कोयता उचलण्याआधी माणूस उसाच्या बुडख्याकडं बघतो, तसं.

ड्रेसिंग

आता दुखण्याचं. ज्याला नको त्यानं हा भाग सोडून द्यावा.

एक दिवसाआड मला ट्रॉलीवरून आतल्या खोलीत न्यायचे. फरशीची खोली, मधे स्टीलचं टेबल, वर शॉवर. सिस्टर लक्ष्मी, सोलापूरचीच, घरात तेलुगू बोलणारी, दंडानं दणकट. ती पाणी सोडायची आणि जुन्या पट्ट्या ओढायची. मग मेलेलं मांस घासून काढायची. घासायचीच, दुसरा शब्द नाही. इंजेक्शन देत, पण त्यानं दुखणं जरा लांब जातं, जात नाही. मी तिला नाही नाही त्या शिव्या दिल्या, तिच्या आईबापावरून, तिच्या लेकरांवरून. टेबलाच्या कडेला डोकं आपटून घेतलं, बेशुद्ध पडावं म्हणून. तिनं टॉवेलाची घडी माझ्या कपाळाखाली सरकवली.

"ओरड," ती म्हणायची, "कितीबी ओरड. हलू नको. हललीस की मला परत करावं लागतंय."

एकदा मी तिला म्हटलं, "तुला मजा येती का गं?" ती थांबली. हातातलं फेकून देईल असं वाटलं. मग पुन्हा घासायला लागली. नंतर कळलं, तिची सख्खी जाऊ याच टेबलावर गेली होती.

पार्किंग

ड्रेसिंग करून मला परत कॉटवर टाकलं होतं. वॉर्ड पहिल्या मजल्यावर, खिडकीखाली गाड्या लावायची जागा. आधी काच फुटल्याचा आवाज आला. मग माणसं ओरडायला लागली. मग सासूबाईंचा आवाज, "बिड्री! बिड्री!" सोडा, सोडा. एवढं कानडी मला येत होतं. मधेमधे एक आवाज येत होता, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, आणि त्या आवाजाबरोबर कुणाचा तरी श्वास. तो श्वास मी ओळखला, महेशचा.

सिस्टर लक्ष्मीनं खिडकी लावून घेतली. मला उठता येत नव्हतं. मी कॉटच्या दांड्या धरून नुसती किंचाळत राहिले.

सासूबाई वर आल्या तेव्हा त्यांच्या पदरावर रक्त होतं. पदरात त्यांनी काहीतरी घट्ट धरलं होतं. महेशचे दोन दात. डॉक्टर परत बसवतील म्हणून उचलून आणले होते.

दादा आणि त्याच्या ओळखीची दोन माणसं. जीपमधली चाक खोलायची लोखंडी टॉमी. महेश डबा घेऊन येत होता, हात बँडेजमध्ये, अडवायलाही येईना. जबडा मोडला, बरगड्या मोडल्या, उजव्या हाताचं हाड मोडलं. मशीन खोलायचा, स्क्रू फिरवायचा तो हात. हाडाच्या वॉर्डात, माझ्या खालच्याच मजल्यावर त्याला टाकलं. दादा जीप घेऊन पळाला. पोलिसांनी अकलूजहून उचलला, मग जामिनावर सुटला.

मी खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहिते. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते असं होतं: बरं झालं. मी इथं कातडी सोलून घेते आहे, आता तूही सोस. नळी का आणली नाहीस? कानशिलात का मारलंस? क्षणभरच. मग त्या पदरातले दात दिसले आणि मला ओकारी आली. ओकारीनं पाठीच्या पट्ट्या ताणल्या आणि परत रक्त सुरू झालं.

जळालेल्या माणसाच्या मनात काय काय येतं, त्याची लाज बाळगू नका. ते येतं आणि जातं.

ताप

मग जंतू शिरले. डॉक्टरांनी दान आलेली कातडी माझ्या पाठीवर तात्पुरती लावली, मेलेल्या कुणाची तरी. कोण होतं, बाई की पुरुष, मला ठाऊक नाही. माझी येईपर्यंत त्या कातडीनं मला झाकलं. त्या माणसाच्या घरच्यांना मी मनातल्या मनात रोज हात जोडते.

तापात मला वाटायचं की पाठीवर कुणीतरी बसलंय आणि नखांनी खाली खाली उकरतंय. सिस्टर लक्ष्मी सलाइन बदलायला वाकली, तेव्हा ती मला तेच उकरणारं जनावर वाटली. मी तिच्या मनगटाचा चावा घेतला. सोडेना. दोघांनी मिळून माझा जबडा उघडला म्हणे. मग माझे हात कॉटला बांधले. मी त्या पट्ट्या तोडायला बघत होते, महेशला हाक मारत होते, दादाला हाक मारत होते, आणि दोघांनाही ठार मारीन म्हणत होते.

शुद्धीवर आले तर लक्ष्मी समोर. मनगटाला पट्टी.

"मी केलं?" मी विचारलं.

"नाहीतर कुणी? दात लई बळकट हायत तुझे." तिनं माझ्या तोंडात चमच्यानं पाणी सोडलं. "अशीच चावत राहा. ज्या गप पडतात ना, त्या जातात."

त्याच सुमारास मुंबईहून निरोप आला. बाटल्यांचा एक गट बिघडला होता, त्यात बुरशी आली, तो टाकून द्यावा लागला. उरलेल्यातून वाढवतोय, पण उशीर होईल. डॉक्टर इनामदारांनी मला लपवलं नाही. कॉटजवळ उभं राहून सरळ सांगितलं.

मी रडले नाही. रागानं माझे दात वाजायला लागले. एवढं सगळं, आणि बुरशी! लोणच्याला येते ती! राग कुणावर काढायचा? दादावर काढता येत होता, महेशवर, नायलॉनवर. बाटलीवर कसा काढणार?

"उशीर म्हणजे किती?" मी विचारलं.

"तू टिकलीस तर फार नाही," त्या म्हणाल्या. "टिकशील का?"

असं विचारतं का कुणी पेशंटला? पण त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. त्या 'हो'ची मला पुढं फार मदत झाली.

पापुद्रे

एका सकाळी मुंबईच्या लॅबची गाडी आली. डबा उघडल्यावर डॉक्टरांनी मला भूल देण्याआधी एक पापुद्रा दाखवला. औषधी जाळीवर चिकटवलेला, तळहाताएवढा. मी आयुष्यात मलमल हाताळली, ऑरगंडी हाताळली, इतकं पातळ काही पाहिलं नव्हतं. कांद्याच्या पाकळीच्या आतला पडदा असतो ना, तसं. फुंकर मारली तर उडेल. असे कितीतरी तुकडे, सगळे जांघेतल्या त्या तिकिटाएवढ्या तुकड्याचे.

"हे मी आहे?" मी म्हटलं.

"सगळं तूच," डॉक्टर म्हणाल्या.

आधी मेलेल्याची उसनी कातडी घासून काढली, मग हे तुकडे एकेक करून ठेवले. जाग आली तेव्हा मी पालथी होते, तोंड गादीच्या भोकात, हातपाय फळ्यांना बांधलेले. हलायचं नाही. खोकायचं नाही. बाजूला वळलं की पापुद्रा सरकणार. त्या भोकातून मला फक्त फरशी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसायचे.

सासूबाई खाली फतकल मारून बसायच्या, म्हणजे मला त्यांचं तोंड दिसावं. त्या खालच्या मजल्यावर महेशला नळीनं पेज पाजायच्या, जबड्याला तारा असल्यामुळं. मग वर येऊन मला चमच्यानं भरवायच्या. रक्त लागलं तेव्हा त्या स्वतः द्यायला गेल्या, डॉक्टरांनी वयावरून घेतलं नाही. मग त्या ब्लड बँकेच्या दारात उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्या तरण्या माणसांचे हात धरायच्या. तीन जण आणले.

पहिल्यांदा पट्ट्या उघडल्या तेव्हा मी डॉक्टरांच्या बुटांकडं बघत होते. बूट एकदा डावीकडं गेले, एकदा उजवीकडं.

"पाठीवर धरलंय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. "दंडांवर पण. डाव्या मांडीवर पार गळून गेलंय."

लॅबनं थोड्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. मांडीसाठी त्या परत वाढवल्या. म्हणजे परत टेबल, परत लक्ष्मी, परत घासणं. दुसऱ्या वेळी मी शिव्या कमी दिल्या. दुखणं तेवढंच होतं.

ऊन

घरी आले तेव्हा उन्हाळा लागला होता. या नव्या कातडीला घाम येत नाही. केस नाहीत, घामाची छिद्रं नाहीत, नुसती कातडी. आणि सोलापूरचा उन्हाळा. दुपारी अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नसते, डोकं फिरायला लागतं, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं. ओला टॉवेल पाठीवर टाकून कूलरसमोर बसायचं. तो सुकला की दुसरा. खाज अशी की मी एकदा दाराच्या चौकटीवर पाठ घासून रक्त काढलं. डॉक्टर भयंकर रागावल्या. नवी कातडी खालच्या मांसाला पक्की धरायला वर्ष लागतं, कधी जास्तही. तोवर ती जरा ओढली तरी सुटते.

महेशचा जबडा जुळला. उजवा हात पूर्ण फिरत नाही. कारखान्यानं त्याला ठेवलं, पण स्क्रू फिरवायला आता दुसरा माणूस लागतो. तो कमी बोलतो. गॅसच्या नळीचा विषय आम्ही एकदाच काढला. तो म्हणाला, "मी आणली असती तर." मी म्हटलं, "मी खिडकी उघडली असती तर." माझा राग संपलाय असं म्हणत नाही. कमी झालाय.

दादा

अशाच एका दुपारी दादा आला. दारात उभा राहिला. वाळला होता.

"कोर्टाची तारीख लागलीय," तो म्हणाला. "म्हेशला सांग, कुणी मारलं वळकलं न्हाय म्हनावं. वकील म्हनतो, तेवड्यावर सुटंल."

"न्हाय सांगनार," मी म्हटलं. त्याच्याशी बोलताना माझी भाषाही अकलूजची होते.

"रेखे, तुज्यासाटी केलं म्या."

"माज्यासाटी? मी वर सडत पडले हुते, आन तू खाली त्येच्यावर टॉमी घातलीस. मला रगत कोन शोदत हुतं? त्येची म्हातारी! तू कुटं हुतास?"

"त्यानं जाळलं तुला!"

"न्हाय जाळलं! साहेबाला सांगितलं, तुला सांगते, किती जनास्नी सांगू?"

"तू भ्याली हाईस त्येला." आणि त्यानं माझा दंड धरला. लहानपणी रागावला की धरायचा तसाच, घट्ट, आणि हलवलं.

मला आधी दुखलं नाही. फक्त काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, उसवलेल्या बाहीसारखं. दादानं हात मागं घेतला तेव्हा दंडावरची कातडी त्याच्या बोटांबरोबर आली. खाली लालभडक ओलं मांस, त्यातून रक्त पाझरायला लागलं.

महेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्या डाव्या हातात वरवंटा होता. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. तो वरवंटा दादाच्या डोक्यात घालणार होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आणि दादा हलला नाही. मान खाली घालून आपल्या हाताकडं बघत उभा राहिला, डोकं पुढं करून, जणू घाल म्हणत होता.

मी दोघांच्या मधे गेले. "ठेव ते," मी महेशला म्हटलं. "ठेव. मला परत त्या टेबलावर जायचं नाही. तुला जेलात भेटायला यायचं नाही. ठेव!"

सासूबाईंनी त्याच्या मुठीतून वरवंटा सोडवून घेतला. मग दादाकडं वळल्या. त्यांचा हात उठला, वाटलं त्याच्या तोंडात मारणार. त्यांनी तांब्या उचलला.

"हात धू," त्या म्हणाल्या.

दादा अंगणात उकिडवा बसला. सासूबाई पाणी ओतत होत्या. तो एकसारखा हात चोळत होता, आणि पाणी संपलं तरी चोळत राहिला. निघताना माझ्याकडं बघितलं नाही.

दंडाचा फोटो मी डॉक्टरांना पाठवला. त्यांनी दादाचा उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. म्हणाल्या, स्वच्छ ठेव, पट्टी बांध, रोज फोटो पाठव, नाही भरलं तर परत मुंबईला पाठवू. मला आता परत बाटली, परत वाट बघणं नको होतं. मी रोज पट्टी उघडायची, फोटो काढायची, घाबरत पाठवायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कडेनं गुलाबी दोरी दिसायला लागली. मग ती दोरी आत सरकत गेली. एके दिवशी डॉक्टरांचा फोनच आला, ओरडतच. "बंद होतंय! तुझं तूच बंद करतेयस! कळतंय का तुला? लॅबनं दिलेल्या स्टेम सेल तिथं नुसत्या बसल्या नाहीत, कामाला लागल्यात!"

मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मोकळी रडले. जळाल्यापासून ओरडले पुष्कळ होते. रडले नव्हते.

मग मी दादाला फोन लावला. त्यानं उचलला.

"भरलं," मी म्हटलं.

"आपसूक?"

"व्हय. आपसूक."

पलीकडं ट्रॅक्टर चालला होता, तो त्यानं बंद केला.

"तारखेला येतो म्या," दादा म्हणाला. "मीच मारलं म्हनून सांगतो. वकिलाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे."

"सजा हुईल."

"हुईल की."

"मी बी येनार हाय," मी म्हटलं. "म्हेश बी."

"ऊन लई हाय, रेखे. टावेल भिजवून घिऊन ये."